मालगुजारी वाड्यातलं कपाट, नव्या स्लॅबखाली

प्रश्न : आमचं जुनं कवेलूचं घर पाडून त्याच जागी नवं बांधतो आहोत. पिलर उभे झालेत, पावसाळ्याआधी स्लॅब टाकायचा आहे. मालगुजारी गेल्यावर आजोबांनी एका वाड्यातून घेतलेलं सामान आमच्याकडे आहे : वर नक्षीचा मुकुट आणि दाराला आरसा असलेलं मोठं कपाट, लांब हातांची वेताची आरामखुर्ची, संगमरवरी फळीचं टेबल, काचेची हंडी आणि पितळी कड्यांची बंगई. नागपूरचे इंटिरिअरवाले म्हणतात, हे सगळं ‘व्हिक्टोरियन’ आहे, घरही त्याच थाटात करू. सोनेरी पीओपी, मखमली पडदे. मुलगा म्हणतो, सामान विका आणि घर मॉडर्न ठेवा. मला दोन्ही पटत नाही. झाडीपट्टीतल्या नाटकाच्या दिवाणखान्यासारखं घर दिसू नये आणि आजोबांच्या वस्तूही जाऊ नयेत. एक कुतूहलही आहे : इंग्लंडच्या राणीची शैली आमच्या भागात आलीच कशी?
— एक वाचक, दिघोरी (मोठी), ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : आधी कुतूहलाकडे वळतो, कारण सामानाचं काय करायचं हे बरंचसं त्यातूनच ठरतं.

राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ या काळात गादीवर होती. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्याच दशकातल्या जमीन बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी कायद्याने मिळाली. म्हणजे ज्याला आपण मालगुजाराचा वाडा म्हणतो, त्याचं वैभव उभं राहिलं ते राणीच्याच अमदानीत. १८८० च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे रेल्वे गेली, आणि मुंबई बंदरात उतरलेले आरसे, काचेच्या हंड्या, पितळी कड्या-कोयंडे असा नाजूक माल वरठीच्या स्टेशनापर्यंत येणं सोपं झालं. साहेबाच्या बंगल्यात जे दिसे ते मालगुजाराला हवंसं वाटे आणि नमुना पाहून सुतार ते घडवून देत. देशभर हेच झालं. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, १९५१ पासून तो अंमलात आला आणि वाड्यांतलं सामान बाहेर पडू लागलं. तुमच्या आजोबांनी घेतलं ते यातलंच.

आता एक करा. कपाट भिंतीपासून थोडं ओढा आणि त्याची पाठ पाहा. दर्शनी बाजू सगळे जपतात, पण सुताराचा हात पाठीवर दिसतो. फळ्यांवर रंध्याच्या हलक्या लाटा बोटाला लागल्या, जाडी जागोजागी थोडी कमीजास्त असली, तर ते हातकाम आहे. आतल्या कोऱ्या लाकडाचा रंग सोनेरी-तपकिरी असेल आणि हाताला किंचित तेलकट लागेल, तर ते सागवान. विलायतेत अशी कपाटं महोगनीची किंवा अक्रोडाची करत. घाट तिकडचा, लाकूड आणि हात इकडचा, अशी ही वस्तू आहे.

त्यावरची चमक तर आणखी जवळची. त्या काळात सगळीकडे गाजलेलं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापसाच्या बोळ्याने पातळ हातांवर हात देऊन चढवलेली. ही लाख जवळजवळ सगळी हिंदुस्थानातून जाई. भंडारा-गोंदियाच्या रानात पळसावर आजही लाख घेतली जाते, तीच ही जिन्नस. लंडनच्या दिवाणखान्यातलं टेबल आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्याच्या जोरावर चमकत होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. तेव्हा ही शैली परकी म्हणून टाकून द्यावी, हे मनाला पटत नाही.

मुलाचं मात्र एका बाबतीत बरोबर आहे : घर नवंच असू द्या. व्हिक्टोरियन दिवाणखाना आपल्या हवेसाठी नव्हताच. १८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जगाचं मोठं प्रदर्शन भरलं. तोवर कारखान्यांतून स्वस्त कापड, छापील कागद, ओतीव लोखंड भरभरून निघू लागलं होतं आणि मध्यमवर्गाने ते सगळं घरात आणून मांडलं. जड पडदे, भिंतीला रंगीत कागद, फरशीवर गालिचे, टेबलावर झालरीची चादर, प्रत्येक फळीवर शोभेची वस्तू. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि जुलैत भिंतींना ओल येते अशा ठिकाणी हे पसारे म्हणजे धूळ आणि बुरशी. (त्या काळच्या हिरव्या भिंतकागदांच्या रंगात आर्सेनिक असे, हेही जाता जाता सांगतो.) सोनेरी पीओपीला माझा विरोध याहून साधा आहे. तुमच्याकडे खरी वस्तू आहे. तिच्याभोवती खोट्या नक्षीची गर्दी केली, की पाहणाऱ्याला खरी वस्तूही खोटी वाटते. नाटकाच्या सेटची तुम्हाला वाटणारी भीती इथेच खरी ठरेल.

जुनं-नवं शेजारी कसं नांदतं हे बघायचं असेल, तर मुंबईला गेल्यावर ओव्हल मैदानात मधोमध उभे राहा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर : टोकदार कमानी, दगडी नक्षी, राणीच्या काळातलं गॉथिक काम. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग : गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या, सरळ पट्टे, सिमेंट काँक्रीट. या दोन्ही मिळून युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा जाहीर केल्या. डेको इमारतींनी गॉथिक कमानींची नक्कल केलेली नाही. दोघी आपापल्या जागी ठाम आहेत आणि मध्ये मोकळं मैदान आहे. मला वाटतं, सारं काम ते मैदान करतं. तुमच्या बैठकीतही हेच हवं : जुन्या वस्तूभोवती रिकामी जागा.

आधुनिक मंडळींनाही जुन्याचं वावडं नव्हतं. मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये वाफेवर लाकूड वाकवून केलेली खुर्ची आपण इराणी हॉटेलांमुळे ओळखतो. चंदीगड रचणारे ल कॉर्ब्युझिए यांनी १९२५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात नव्या युगाचं नमुन्याचं घर मांडलं. तेव्हा त्यांनीही बसायला थोनेट यांच्याच वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या ठेवल्या होत्या.

आता तुमच्या वस्तूंकडे येऊ. एका खोलीत एकच जुनी वस्तू मुख्य ठेवा, हे माझं ठाम मत. बैठकीत कपाट, सपरीत बंगई आणि आरामखुर्ची, टेबल जेवणघरात. पाचही वस्तू बैठकीत दाटल्या, तर तिचं गोदाम होईल. कपाटाशेजारचा सोफा साधा, सरळ हातांचा, बिननक्षीचा घ्या. उलट नव्या सोफ्यावर कपाटासारखी नक्षी काढून घेण्याचा आग्रह कुणी केला, तर नाही म्हणा.

कपाटाचं माप आजच घ्या. मुकुटासकट ते किती उंच, आणि मुख्य दाराची चौकट किती रुंद ठेवली आहे? कवेलूच्या घरात मधली उंची भरपूर असते, स्लॅबखाली ती दहा फुटांवर येते. मुकुट आणि छत यांच्यात हात-दीड हात मोकळं राहिलं तर कपाट शोभतं, नाहीतर कोंबल्यासारखं दिसतं. जुन्या कपाटांचा मुकुट बहुधा खुंट्यांवर नुसता बसवलेला असतो, हलक्या हाताने वर उचलून पाहा. निघत असेल तर दारातून नेतानाही अडचण येणार नाही. बांधकाम चालू आहे तोवर कपाट पाणी मारण्याच्या जागेपासून दूर, चार विटांवर उचलून, सुती कापडाने झाकून ठेवा. प्लास्टिक गुंडाळलंत तर आत घाम धरेल. सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण पाठीला हलक्या लाकडाची फळी मारलेली असू शकते, तिथे लक्ष ठेवा.

पॉलिशबद्दल घाई करू नका. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा एक थेंब टाका आणि जरा वेळाने बोट लावा. चिकट लागलं तर ती लाखच आहे. मग लाखेचाच नवा हात मारून घ्या. सगळं घासून वर मेलामाइनचा चकचकीत थर देण्याची गरज नाही. त्याने वर्षानुवर्षांचा मुरलेला रंग निघून जातो आणि तो परत आणता येत नाही. आणि विदर्भातल्या घरासाठी खास : कूलरचा झोत कपाटावर येऊ देऊ नका. दमट हवेने लाखेवर पांढुरके डाग येतात. कूलरची खिडकी कुठे ठेवायची हे भिंत बांधण्याआधी ठरतं, म्हणून आत्ताच सांगतो आहे.

खुर्चीचा वेत फाटला असेल तर विणून घ्या, वर रेक्झिन ठोकू नका. उन्हाळ्यात पाठीला हवा लागावी म्हणूनच तो वेत आहे. टेबलाच्या संगमरवरावर लिंबू-चिंच सांडू देऊ नका, आंबटाने दगड खाल्ला जातो. भिंतींना किंचित पिवळसर पांढरा रंग, दिवे पिवळट उजेडाचे. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं पाहून घ्या. निळसर पांढऱ्या उजेडात जुनं सागवान मेलेलं दिसतं. हंडीत साधा एलईडी दिवा बसतो. फरशी चकाकणारी नको, मॅट घ्या किंवा कोटा. नक्षीच्या फरशीची हौस असेल तर ती सपरीत भागवा. सिमेंटच्या रंगीत नक्षीच्या फरश्या आपल्याकडे स्वदेशीच्या काळापासून होतात. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज १९२२ पासून त्या करते आहे. त्या जमिनीवर बंगई उत्तम दिसेल.

बंगईचा विषय निघालाच आहे, तर हे काम याच आठवड्यात करा. तिच्या कड्यांचे आणि हंडीचे हुक स्लॅब टाकण्याआधी लोखंडात बांधावे लागतात. नंतर ड्रिल मारून ठोकलेल्या खिळ्यावर माणसांसकट हलणारा भार सोपवणं धोक्याचं आहे. बंगईचे हुक बीमच्या सळ्यांना बांधा, सळीची जाडी इंजिनिअरला ठरवू द्या. दोन हुकांतलं अंतर बंगईच्या कड्यांवरून मोजून द्या आणि पुढेमागे झोका जायला तीन-चार फूट मोकळे सोडा.