ग्रास कटर, चष्मा आणि डोळ्याचा खर्च

पाऊस ओसरला की देवरूखच्या आसपास बागांतून, कातळावरून ग्रास कटरची घरघर सुरू होते. पात्याने उडवलेला जांभ्याचा खडा, नाहीतर पात्याचीच कपची, डोळ्यात घुसली तर खर्च किती?

आधी स्वस्तातलं. पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा चष्मा साधारण १०० ते ३०० रुपयांत मिळतो. दुकानदार ‘अनब्रेकेबल’ म्हणेल, तुम्ही छाप पाहा. आयएस ५९८३ हे भारतीय मानक. ईएन १६६ असेल तर भिंगावरचं अक्षरही वाचा: ‘एफ’ म्हणजे सेकंदाला ४५ मीटर वेगाने आलेली ६ मिलिमीटरची पोलादी गोळी प्रयोगशाळेत त्याने झेलली आहे; ‘बी’ म्हणजे १२० मीटर. आपल्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. जाळीचा मुखवटा खडा अडवतो, कपची नाही. त्याच्या आतही चष्मा हवाच.

लागलंच, तर डोळा धुऊ नका, चोळू नका, रुतलेलं उपसू नका. कागदी कपाचा तळ डोळ्यावर न दाबता चिकटवा. खाणंपिणं बंद, कारण भूल द्यावी लागू शकते. मेडिकलमधून आणलेला उरलासुरला ड्रॉप तर नकोच. त्यात स्टेरॉइड असलं आणि जखम काट्या-काडीची असली, तर बुरशी फोफावते.

१०८ ची रुग्णवाहिका फुकट. देवरूखच्या ग्रामीण रुग्णालयात धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पुढची चिठ्ठी घ्या. तिथले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. टाक्यांसाठी पन्नासेक किलोमीटरवरचं रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर आंबा घाटातून कोल्हापूरचं सीपीआर. निघण्याआधी नेत्रतज्ज्ञ हजर आहेत का, हे देवरूखच्याच डॉक्टरांना फोन करून विचारायला सांगा. जखम २४ तासांच्या आत शिवली गेलेली बरी. तो नायलॉनचा धागा केसाहून बारीक असतो.

खासगीत जाणार असाल, तर फक्त टाक्यांचा दर विचारून फसू नका. सीटी स्कॅन, भूल, औषधं वेगळी धरली जातात. (धातूची शंका असेल तर एमआरआय नाही, हे स्वतःहून सांगा.) पुढे मोतीबिंदू झाला किंवा आतला पडदा सुटला, तर दुसरी शस्त्रक्रिया, पडद्याची असेल तर बिल बहुधा ५० हजारांच्या पुढे. वर फेऱ्यांचं गाडीभाडं, बुडालेली मजुरी.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण फक्त अंगीकृत रुग्णालयात आणि ठरलेल्या शस्त्रक्रियांसाठी. म्हणून भरती होतानाच आरोग्यमित्राला गाठा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. चौकशीचा क्रमांक १५५३८८.