आधी महिना, मग बेट

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, दोघंही पस्तिशीतले. सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळाली आहे. जानेवारीत निघून जूनअखेर परतायचं आहे. मालवणला एकदा स्कूबा केलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. सिमिलान, सिपादान, टुब्बाताहा, बाली, कोमोडो, राजा अम्पात, मालदीव, तांबडा समुद्र अशी यादी झाली आहे. प्रत्येक जागा ‘जगात सर्वोत्तम’ असंच कुणी ना कुणी सांगतं. मग निवडायचं कशावरून?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : यादीतली एकही जागा वाईट नाही, म्हणूनच ‘सर्वोत्तम कोणती’ हा प्रश्न तुमच्या कामाचा नाही. तुम्ही तिथे कोणत्या महिन्यात असाल आणि तोवर पाण्याखाली तुमचा हात किती बसलेला असेल, या दोन गोष्टी बघा. निम्मी यादी आपोआप गळेल.

आधी वारा. जूनमध्ये मालवणच्या होड्या किनाऱ्यावर ओढायला लावणारा नैर्ऋत्य मोसमी वारा थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरही तसाच आदळतो. त्यामुळे सिमिलान बेटांचं राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. तिथून फार लांब नसलेल्या मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र उलट प्रकार. पर्हेन्तियान, रेदांग, तिओमान या बेटांना ईशान्येचा वारा झोडपतो, म्हणून तिथली बरीचशी हॉटेलं नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुलूपबंद असतात. आग्नेय आशियात कुठे ना कुठे समुद्र नेहमी शांत असतो. आपण त्याच्या मागे मागे जायचं.

आता हात बसण्याचं. मालवणला तुम्ही जे केलं त्यात प्रशिक्षकाने तुम्हाला धरलेलं होतं, तुम्ही फक्त श्वास घेत होता. ओढ लागायला तेवढं पुरतं, पण स्वतःच्या जबाबदारीवर उतरायला ‘ओपन वॉटर’ कोर्स हवा. तीन-चार दिवसांचा असतो, त्यावर 18 मीटरपर्यंत जाता येतं. पुढच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ला 30 मीटर. स्वस्त कोर्ससाठी सगळे कोह ताओ सुचवतील. जागा चांगलीच आहे, पण ती थायलंडच्या आखातात, म्हणजे पूर्वेच्या बाजूला, आणि जानेवारीत ईशान्येच्या वाऱ्याचा जोर तिथे पुरता ओसरलेला नसतो. तुम्ही अंदमान समुद्राच्या बाजूला, कोह लांता किंवा खाओ लाकला शिका. शाळा निवडताना दर नंतर विचारा. एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, हे आधी विचारा. चारांपेक्षा जास्त असतील तर दुसरीकडे जा.

कोर्स झाला की लगेच पुढची बस पकडू नका. त्याच गावात आणखी दोन-तीन आठवडे राहून डाइव्ह करत राहा. पाण्यात वर न जाता, खाली न बुडता, श्वासाच्या जोरावर एका पातळीला स्थिर राहणं, ज्याला सगळे बॉयन्सी म्हणतात, ते प्रमाणपत्राबरोबर मिळत नाही. ते आलेलं नसलं की माणूस फिन मारतो आणि प्रवाळाची फांदी मोडते. कित्येक जातींची फांदी वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर वाढते. समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट 2024 मध्ये जाहीर झाली आहे. आधीच तगून राहायला झगडणाऱ्या या जिवांवर आपल्या शिकाऊ लाथा पडू नयेत असं मला मनापासून वाटतं. राजा अम्पात या वेळी वगळा म्हणतो त्याचं हे एक कारण. जगातल्या ज्ञात कठीण प्रवाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती तिथे आहेत, करंटही जोरदार असतात. शिवाय तिथला चांगला हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे नेमका तुमचा शिकण्याचा काळ.

फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला खाओ लाकहून चार दिवसांची लिव्हअबोर्ड घ्या. बोटीवरच झोपायचं, दिवसाला तीन-चार वेळा उतरायचं. सिमिलान आणि रिशेल्यू रॉक एका फेरीत होतात, आणि व्हेल शार्क दिसलाच तर याच दिवसांत.

मार्चमध्ये फिलिपिन्स. मोआलबोआलला किनाऱ्यापासून चार हात मारले की तारल्यांचा अफाट थवा अंगावरून जातो. मालापास्कुआला पहाटेच्या डाइव्हला थ्रेशर शार्क, शरीराइतकीच लांब शेपटी असलेले. मग टुब्बाताहा. सुलू समुद्राच्या मधोमध असलेलं, 1993 पासून जागतिक वारसा यादीत असलेलं हे प्रवाळक्षेत्र फक्त मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत उघडं असतं. पुएर्तो प्रिन्सेसाहून रात्रभर बोटीने जावं लागतं. जागा थोड्या आणि हंगाम तीन महिन्यांचा, तेव्हा हे आरक्षण घरातूनच करा. एप्रिलअखेरची तारीख मिळाली तर उत्तम; तोवर तुमच्या गाठीशी चाळीस-पन्नास डाइव्ह जमा असतील.

मे-जून इंडोनेशियाला द्या, आणि त्यातले निदान दहा दिवस बालीच्या तुलांबेन गावाला. ‘लिबर्टी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज जानेवारी 1942 मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जायबंदी झालं आणि इथल्या किनाऱ्याला लावलं गेलं. वीसेक वर्षं ते तिथेच पडून होतं. 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा ते किनाऱ्यावरून घसरून पाण्यात गेलं. आज ते सुमारे पाच मीटरपासून तीस मीटरपर्यंत पसरलेलं आहे, आणि तिथे जायला होडीही लागत नाही. काळ्या गोट्यांचा किनारा आहे. गावातल्या बायका डोक्यावर सिलिंडर पेलत त्या निसरड्या गोट्यांवरून झपाझप चालतात. आपल्याला मात्र मोकळ्या हातांनीही तोल सावरावा लागतो. उजाडताच पाण्यात शिरा. त्या वेळी जहाजाच्या आडोशाला रात्र काढलेले, कपाळाला टेंगूळ असलेले बंपहेड पॅरटफिश कळपाने बाहेर पडताना भेटतात. अर्ध्या तासाने दक्षिण बालीहून गाड्या यायला लागतात.

कोमोडो शेवटी ठेवा. तिथे अरुंद खाड्यांतून पाणी नदीसारखं वाहतं. बोटीची तारीख ठरवताना कालनिर्णय काढून बसा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, हे कोकणातलं गणित तिथेही तसंच चालतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने भांगाचे दिवस धरावेत.

उरलेल्या जागांपैकी सिपादानला रोजच्या परवान्यांवर मर्यादा आहे आणि 2004 च्या अखेरीपासून बेटावर मुक्कामही बंद. एका परवान्यासाठी आजूबाजूला दिवस मोजत बसण्याइतका तुमचा वेळ स्वस्त नाही. मालदीव मुंबईहून जवळ आहे, नोकरीतल्या आठवडाभराच्या सुट्टीतही होईल. तांबडा समुद्र वेगळ्याच दिशेला आहे, तोही पुढे कधीतरी.

तिकिटं काढताना एक अट मोडू नका. शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास, शक्यतो 24 तास विमानात बसायचं नाही. अंगात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येऊ लागतो. विमान सगळ्यांच्या लक्षात राहतं, डोंगर राहत नाही. तुलांबेनला सकाळी डाइव्ह करून संध्याकाळी किंतामणी बघायला निघाल्यास तुम्ही दीड हजार मीटरच्या आसपास चढता. त्या दिवशी किनाऱ्याचा रस्ता धरा, ज्वालामुखी दुसऱ्या दिवशी बघा.

प्रवासविमा घेताना त्यात डाइव्हिंग कोणत्या खोलीपर्यंत धरलं आहे आणि प्रेशर चेंबरच्या उपचारांचा खर्च येतो का, हे पॉलिसीत स्वतः वाचा. दमा, कानाचं किंवा हृदयाचं जुनं दुखणं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. तिकडे कोर्सच्या पहिल्याच दिवशी प्रकृतीचा अर्ज भरावा लागतो, आणि एका ‘हो’पायी डॉक्टर शोधत फिरायची वेळ येते. चष्मा असेल तर नंबराच्या काचांचा मास्क मिळतो, तो इथूनच करून न्या. कोर्समध्ये न थांबता 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं करून दाखवावं लागतं. ठाण्यातल्या तलावावर आजपासून जायला लागा.