पायाच्या नखाची बुरशी : गोळी आतून, औषध वरून



मनोरीत पाय कोरडे राहणं कठीण. होडीतून उतरलं की खाडीचं पाणी, मासळी साफ करताना पाणी, पावसाळ्यात चिखल. मागच्या पालकसभेत एक आई पाय साडीखाली लपवून बसली होती. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, कडेला भुगा होणारं. म्हणाली, "बाई, महिनाभर गोळ्या घेतल्या. नख तसंच राहिलं, मग सोडल्या." तिच्यासारख्या अनेकांसाठी हा लेख.

नख लगेच का सुधारत नाही?
नख म्हणजे मृत पेशींचा थर. बिघडलेलं नख दुरुस्त होत नाही, मुळाकडून नवं यावं लागतं. पायाचं नख महिन्याला साधारण १ ते १.५ मिलिमीटर वाढतं. म्हणून अंगठ्याचं पूर्ण नख बदलायला १२ ते १८ महिने लागतात. महिन्याभरात फार तर मुळाशी स्वच्छ नखाची बारीक पट्टी दिसेल. तीच खरी खूण!

दोन्ही औषधं कशासाठी?
ओल आलेली भिंत आठवा. आतली गळती थांबवायची आणि बाहेरूनही काम करायचं. तसंच इथे. टर्बिनाफिनसारखी गोळी रक्तातून नखाच्या मुळापर्यंत पोहोचते. मोठ्यांना ती पायाच्या नखासाठी सहसा १२ आठवडे देतात. अमोरोल्फिन हे नेलपॉलिशसारखं औषध आठवड्यातून एक-दोनदा वरून लावतात. जाड नखातून नुसतं वरचं औषध खोल जात नाही, म्हणून डॉक्टर काही वेळा दोन्ही एकत्र देतात. नख कापून, घासून पातळ केलं तर वरचं औषध जास्त उपयोगी पडतं.

हे मात्र विसरू नका
- आधी तपासणी. बिघडलेल्या नखांपैकी जवळपास निम्म्यांतच बुरशी असते. नखाचा तुकडा तपासून घ्या.
- गोळी यकृतावर परिणाम करू शकते, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी डॉक्टरांना आधीच सांगावं.
- दुकानातून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका. खाज थांबते, बुरशी वाढते.
- घरातल्या मोठ्यांची उरलेली गोळी मुलांना कधीच देऊ नका. त्यांचा डोस वजनावर ठरतो.
- मधुमेह असेल तर थांबू नका. छोटी जखमही चिघळते.
- नेलकटर, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा.

वर्गात करून पाहा
हाताच्या अंगठ्याच्या नखावर मुळाजवळ नेलपॉलिशचा ठिपका द्या. मुलांनी दर सोमवारी कातडीपासूनचं अंतर पट्टीने मोजून वहीत लिहावं. महिन्यात सुमारे ३ मिलिमीटर भरेल. मग विचारा, "पायाचं नख याच्या निम्म्याहून जास्त वाढत नाही, तर पूर्ण यायला किती महिने?" गणितही होतं आणि घरी आईला "गोळ्या मध्येच सोडू नको" असं सांगणारं कुणीतरी तयार होतं.

ती आई आता पुन्हा डॉक्टरांकडे जाणार आहे. तुमच्याही घरी कुणी पाय लपवत असेल, तर आजच विचारा.