‘कालिया मर्दन’ बघायचा तर असा

दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ 1919 सालचा, नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा. त्याची मूळ लांबी सुमारे 6000 फूट. त्यातले 4441 फूट आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेले आहेत, आणि त्यावरून निघालेल्या प्रती कोणालाही घरबसल्या बघता येतात. आपल्या मूकपटांचे जे हाल झाले ते पाहता ही मोठी गोष्ट आहे. त्या काळात आपल्याकडे तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. पुरे-अधुरे धरून उरले ते फार थोडे. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ किती महत्त्वाचा होता हे आपण नुसते वाचतो, तो मूकपट काही आता बघायला मिळत नाही. ‘कालिया मर्दन’ मिळतो.

मिळतो, पण पुरा बघितला जात नाही. माणसे दुडूदुडू पळतात, कोणी काही बोलत नाही, कुठून तरी चिकटवलेले संगीत वाजत राहते, आणि मोबाइलवर एकटा बसलेला माणूस थोड्या वेळात तो बंद करतो. हा चित्रपट जुना झाला म्हणून असे होते, हे मला मान्य नाही. आपण तो चुकीच्या वेगाने, चुकीच्या शांततेत आणि एकट्याने बघतो, म्हणून असे होते. या तिन्ही गोष्टी दुरुस्त करणे आपल्या हातात आहे.

काय लागेल

टीव्ही किंवा प्रोजेक्टर आणि भिंतीवर ताणलेली पांढरी चादर. चारपाच माणसे, त्यात शक्यतो एखादे लहान मूल. स्पष्ट आवाजात वाचणारे कोणीतरी. हार्मोनियम, तबला, बासरी, झांजा यांपैकी जे घरात किंवा शेजारी असेल ते. वेग कमी-जास्त करता येईल असा प्लेयर. आणि संध्याकाळचे दोन-अडीच तास, मध्ये फोन न घेता.

आधी वेग लावा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक वेळा हीच गाळली जाते.

त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम पुढे सरकत. सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा फ्रेम. पस्तीस मिलिमीटरच्या एका फूट फिल्मवर सोळाच फ्रेम बसतात. म्हणजे सोळाच्या वेगाने एक फूट फिल्म बरोबर एक सेकंद चालते. हे एकदा लक्षात ठेवले की मूकपटाची लांबी वाचून त्याची वेळ तोंडी काढता येते. 4441 फूट म्हणजे 4441 सेकंद, सुमारे 74 मिनिटे.

बोलपट आल्यावर वेग सेकंदाला चोवीस फ्रेम असा ठरला. जुनी फिल्म त्या वेगाने चालवली की तीच 4441 फूट जेमतेम 49 मिनिटांत संपते. चालणारा माणूस धावायला लागतो, रडणारी आई गमतीशीर दिसते, आणि बघणारा समजतो की तेव्हाचा अभिनयच तसला होता. तो अभिनय फाळक्यांच्या नटांचा नव्हे, चुकीच्या वेगाचा आहे.

तेव्हा तुमच्याकडच्या प्रतीची वेळ बघा. ती पन्नास मिनिटांच्या आसपास असेल आणि माणसे घाईत दिसत असतील, तर प्लेयरमधला वेग 0.75 करा. म्हणजे सेकंदाला अठरा फ्रेम पडतील आणि चित्रपट सुमारे 66 मिनिटांचा होईल. आकड्यावर मात्र पूर्ण विसंबू नका. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याचा वेग दृश्यागणिक थोडा बदलतो, आणि काही प्रती आधीच सावकाश केलेल्या असतात. कोणी पायी चालत असेल असा एखादा तुकडा शोधा आणि ते चालणे नेहमीचे वाटेपर्यंत वेग खाली-वर करा. पाटीवरचा मजकूर सावकाश वाचून झाल्यावरही पाटी बराच वेळ तशीच राहत असेल, तर वेग फार कमी झाला आहे.

प्रतीवरचे संगीत बंद करा

कोणी तरी नंतर जोडलेले हे संगीत बहुधा दृश्याकडे न बघता वाजत असते. आवाज पूर्ण बंद करा आणि वाजवणाऱ्याला पडदा दिसेल अशा जागी बसवा. मूकपटांच्या खेळांना हार्मोनियम-तबल्याची साथ असे, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी पाट्यांचा मजकूर मोठ्याने सांगणाराही असे. थिएटरात प्रेक्षक आपसात बोलत, मुले ओरडत. शांत बसून बघण्याची सवय आपण नंतर लावून घेतली. या चित्रपटाला ती मानवत नाही.

वाजवणाऱ्याने फार तयारी करू नये. चित्रपट दोनदा बघायचा आहे; पहिल्या खेपेला एखादा सूर धरून ठेवावा, मुलांच्या खोड्यांच्या वेळी ठेका धरावा, कालियाच्या डोहाजवळ सगळे थांबवून फक्त खर्ज ठेवावा. एवढे पुरते. वाजवणारा नसेल तर काहीच वाजवू नका; प्रेक्षकांचा आवाज असतोच.

गोष्ट आधीच सांगा

घरातल्या मुलांना कालियाची कथा ठाऊक नसेल तर चित्रपट लावण्याआधी ती सांगून टाका: यमुनेचा डोह, त्यातला विषारी नाग, कृष्णाची उडी, नागावर उभा राहिलेला बाळकृष्ण. रहस्य फुटेल अशी चिंता नको. 1919च्या प्रेक्षकाला शेवट पाठच होता. तो आला होता ते पाण्यातला कृष्ण डोळ्यांनी बघायला. फाळके गोष्टीचे दुवे भराभर सोडून पुढे जातात ते याच भरवशावर. कथा माहीत असलेल्यालाच त्यांची गती समजते.

सुरुवातीच्या मुद्रा

आता चित्रपट लावा. गोकुळ दिसण्याआधीच एक विलक्षण गोष्ट समोर येते. कृष्णाचे काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केले आहे, आणि गोष्ट सुरू होण्यापूर्वी फाळके तिला तिच्या रोजच्या रूपात प्रेक्षकांपुढे उभी करतात. सात वर्षांच्या मुलीच्या मुद्राभिनयाचा हा अभ्यास आहे, असे पाटीवर लिहून ते सांगतात. मग तो चेहरा जवळून दिसतो: हसणारा, रुसणारा, घाबरणारा, रागावणारा. आणि त्यातून हळूहळू विरघळत ती मुलगी कृष्ण होते.

इथे थांबवायचे नाही, पण डोळे इकडेतिकडे जाऊ द्यायचे नाहीत. बरोबरच्या मुलाला प्रत्येक मुद्रा ओळखायला सांगा आणि त्याला ती मोठ्याने बोलू द्या. माझ्या मते सबंध चित्रपटाची किल्ली या तुकड्यात आहे. आपण देव दाखवणार आहोत, तो आपल्या घरातली एक लहान मुलगी आहे, आणि तरीही तुम्ही हात जोडाल, एवढा विश्वास फाळक्यांना स्वतःवर, मंदाकिनीवर आणि प्रेक्षकावर होता. युक्ती आधी दाखवून मग जादू करायची, हे धाडस आहे. जादूचे प्रयोग शिकलेल्या माणसाला ते सुचावे हे मला फार महत्त्वाचे वाटते. रंगमंचावर बाईचे काम पुरुष करत होते, त्याच काळात या माणसाने देवाचे काम मुलीला दिले आणि ते लपवले नाही, हेही लक्षात घ्या.

पहिली खेप न थांबता

पाट्या येतील तशा मोठ्याने वाचा. इंग्रजी पाटी असेल तर वाचणाऱ्याने तिथल्या तिथे मराठीत सांगावे, शब्दाला शब्द लावत बसू नये. पाणी उडवल्यावरून होणारे भांडण, सवंगड्यांना घेऊन केलेली लोण्याची चोरी, निजलेल्या धनिकाच्या खोलीत खिडकीतून शिरून त्याची दाढी आणि बायकोचे केस एकमेकांत बांधणे, अशा खोड्यांमागून खोड्या येतात. मुले हसतील. हसू द्या. मोठ्यांनी या वेळी चित्रपटाचा इतिहास सांगू नये. मध्येच माहिती पुरवणारा माणूस ही मूकपट बघण्यातली सर्वांत मोठी अडचण.

शेवटी डोह येतो. कृष्ण पाण्यात उडी घेतो, आणि त्यानंतर फाळके आपल्याला दोन ठिकाणी एकाच वेळी ठेवतात: खाली नागाशी झुंज, वर काठावर आक्रोश करणारे गोकुळ. खाली, वर, पुन्हा खाली. या भागात वाचणाऱ्याने शक्यतो गप्प राहावे आणि वाजवणाऱ्याने फक्त खर्ज धरावा.

चहा, आणि मग दुसरी खेप

दुसऱ्या खेपेला मुद्दाम थांबवत बघायचे. सगळा चित्रपट पुन्हा लावायची गरज नाही. ही ठिकाणे पुरे.

पहिले, मुद्रांवरून कृष्णाकडे जाणारा तो विरघळता बदल. एक-एक फ्रेम पुढे न्या. एक चित्र फिकट होत असताना दुसरे गडद होते. हे नंतर कात्री लावून केलेले नाही. फिल्म कॅमेऱ्यातच मागे फिरवून तिच्यावर दुसऱ्यांदा चित्र घेण्याची ही जुनी रीत. त्यासाठी कॅमेरा तसूभरही हलता कामा नये आणि नटानेही तीच जागा धरायला हवी. सात वर्षांच्या मुलीने ती धरली.

दुसरे, कोणतेही गर्दीचे दृश्य. कॅमेरा समोर उभा आहे आणि माणसे नाटकात उभी असावीत तशी अर्धवर्तुळात. यावर नाक मुरडण्याआधी चित्र थांबवा आणि ते एखादी छापील तसबीर असल्यासारखे बघा. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. पुढे रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईशीही त्यांचा संबंध आला. देवाने भक्ताकडे समोरून बघावे ही त्या तसबिरींची रीत, आणि ती त्यांनी विचारपूर्वक पडद्यावर आणली. कृष्ण सरळ आपल्याकडे बघतो तेव्हा कॅमेऱ्याकडे बघू नये हा नियम मोडत नाही. इथे तो नियम लागूच नाही.

तिसरे, पाण्याखालची झुंज. पडद्यापुढे एक कागद ठेवा आणि प्रत्येकाला हे कसे घेतले असेल याचा आपला तर्क लिहायला सांगा: पाणी खरे की वेगळे घेतलेले, नाग कशाचा, मुलगी कशावर उभी आहे. मग पुन्हा बघा आणि तर्क ताडून पाहा. मुलांची उत्तरे अनेकदा मोठ्यांपेक्षा बरोबर निघतात, कारण ती खेळण्याच्या अंगाने विचार करतात.

चौथे, रंग. त्या वेळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे आणि निळा फार दिसे. म्हणून आकाश पांढरेफटक येते आणि लाल कुंकू काळे. ज्या दृश्यात पदार्थ, साड्या, फुले आहेत तिथे थांबवून मूळ रंग काय असतील ते सांगायचा प्रयत्न करा. आपण काळे-पांढरे चित्र बघत आहोत ही जाणीव थोडा वेळ जाते आणि गोकुळ रंगीत होते.

डाग आणि ओरखडे

त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका, आणि त्यांच्यावर चिडूही नका. त्या काळची नायट्रेट फिल्म आपोआप कुजते आणि सहज पेट घेते. संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांपर्यंत पोहोचून विखुरलेले तुकडे मिळवले, म्हणून हा चित्रपट उरला. मध्येच एखादे दृश्य तुटते, कोणी दारातून निघून एकदम झाडाखाली दिसते, तिथे दीड हजारांहून अधिक हरवलेल्या फुटांपैकी काही असू शकतात. मुलांना त्या जागी काय घडले असेल ते सांगू द्या.

दुसऱ्या दिवशी

लगेच, चव जिभेवर असताना, फाळक्यांच्याच ‘राजा हरिश्चंद्र’चे उपलब्ध भाग बघा. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागलेल्या या चित्रपटाची लांबी 3700 फूट होती. आज सुमारे 1475 फूट मिळते, आणि ती 1917 साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीतली असावी असे काही अभ्यासक मानतात. पुन्हा तेच गणित: सोळाच्या वेगाने साडेचोवीस मिनिटे. पाण्याच्या हौदातले दृश्य आले की लक्षात ठेवा, ओल्या साड्यांतल्या सगळ्या जणी पुरुष आहेत. अण्णा साळुंके तारामती आहेत. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या खऱ्या बायका त्यानंतर लवकरच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पडद्यावर आल्या, आणि अवघ्या सहा वर्षांत मंदाकिनी कृष्ण झाली. दोन्ही चित्रपट लागोपाठ बघितले तर मधला बदल डोळ्यांना दिसतो: कॅमेऱ्याचे अंतर, नटांचे हात, काठावरून पाण्याकडे आणि पाण्यातून काठाकडे होणारी उडी. ‘राजा हरिश्चंद्र’साठीही वेग आधी तपासा, दोन प्रती एकाच वेगाच्या असतील असे धरून चालू नका.