कॉलेजच्या दिवशी पाणी किती पितेस?

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. वारणाकाठच्या एका खेड्यातले शेतकरी आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. बारावीची परीक्षा संपल्यावर गच्चीवरून पडून तिच्या पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. तेव्हापासून चाकाची खुर्ची. त्या दिवशी तिला हुडहुडी भरून १०३ ताप होता. एका सत्रातला हा तिसरा. आधीच्या दोन्ही वेळी मी लघवी तपासून गोळ्या दिल्या, ताप उतरला आणि विषय तिथेच सोडला.

वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरीची लई आबाळ होतीया. आता कॉलेज बंदच करावं म्हणतो. तब्येतीला झेपत नाही अशी चिठ्ठी द्या, म्हंजे बाहेरनं फॉर्म भरता येईल."

मी पेन हातात घेतलेही होते. मग सहज विचारले, "बाळ, कॉलेजच्या दिवशी पाणी किती पितेस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "सकाळचा चहा तेवढा. पाणी घरी आल्यावर."

"आणि नळी?"

"ती पण घरी आल्यावरच."

सकाळी सातला ती घर सोडते, परत यायला चार वाजतात. म्हणजे नऊ तास. कॉलेजातले संडास तीन पायऱ्या वर, आणि दार एवढे अरुंद की खुर्ची आत जात नाही. मैत्रिणी उचलून न्यायला तयार होत्या. "पण रोज कुणाला सांगायचं, डॉक्टर?" असे ती म्हणाली तेव्हा वडील खिडकीबाहेर बघत होते.

आता यात शरीराचे काय होते ते वाचकांनी समजून घ्यावे. कण्यातील मज्जारज्जूला इजा झाली की मूत्राशय भरल्याची जाणीव जाते आणि ते आपोआप पूर्ण रिकामेही होत नाही. म्हणून अशा रुग्णाला दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढायला शिकवतात. हे काम रुग्ण स्वतः करू शकतो. हात साबणाने नीट धुतले म्हणजे पुरे, ऑपरेशन थिएटरची तयारी लागत नाही. साधारणपणे एका वेळी साठलेली लघवी अर्ध्या लिटरच्या आत राहावी हा हिशेब. नऊ तास ती साठून राहिली तर मूत्राशय ताणते, जंतूंना आयते घर मिळते, आणि दाब मागे मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. पाणी न पिणे हा त्यावर उपाय वाटतो खरा, पण लघवी कमी आणि दाट झाली की जंतू धुऊनही निघत नाहीत.

आणखी एक गोष्ट. आपल्याला लघवीचा जंतुसंसर्ग झाला की जळजळ होते, आपण लगेच डॉक्टर गाठतो. हिला ती जळजळ कळतच नाही. लघवी गढूळ होणे, घाण वास येणे, मध्येच गळणे, पाय अचानक जास्त आखडणे, आणि मग थंडीताप, अशा खुणांवरून ओळखावे लागते. ताप असेल तर आधी लघवीचे कल्चर करायला द्यावे, मग प्रतिजैविक सुरू करावे. मी दोनदा कल्चर न करताच गोळ्या दिल्या होत्या. अशाने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. ही चूक माझी.

चिठ्ठी मी लिहिली नाही. त्याला कारण जुने आहे. १९९६ साली, माझा दवाखाना नवा असताना, पोलिओने एक पाय अधू झालेला, कॅलिपर लावून चालणारा एक मुलगा असाच वडिलांबरोबर आला होता. कॉलेजचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मी मोठ्या शहाणपणाने सांगितले, "कशाला जिवाला त्रास? घरचं दुकान सांभाळ." त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अपंगांच्या हक्कांचा १९९५चा कायदा देशात लागू झाला होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मुलगा दुकानात बसला तो आजवर. चांगले चालले आहे त्याचे. महिन्याची उधारी तोंडी सांगतो, एक पैसा चुकत नाही. त्याने मला कधी बोल लावला नाही. पण त्या दुकानात गेलो की मला जरा घाई होते. असो.

मुलीचा ताप उतरल्यावर मी तिच्या प्राचार्यांना भेटलो. कॉलेजचे नाव सांगत नाही, कारण अशी कॉलेजे पुष्कळ आहेत. माणूस सज्जन. म्हणाले, "डॉक्टर, अशी एकच मुलगी आहे आमच्याकडे." मी म्हटले, पायऱ्या बघून प्रवेशच न घेतलेल्यांची नोंद तुमच्या रजिस्टरात कशी असेल? मग आम्ही टेप घेऊन हिंडलो. खुर्चीची रुंदी २६ इंच, संडासाचे दार २४ इंच! दोन इंचांसाठी एक पदवी अडली होती.

संडास मोठा करायला खर्च फार होता. पण तळमजल्यावर ग्रंथालयाशेजारी जुन्या कागदपत्रांची खोली होती आणि पाण्याची पाइप तिच्या भिंतीमागूनच जात होती. तिथे तीन फुटी दार बाहेर उघडेल असे बसवले. आत बेसिन, साबण, नळी ठेवायला फळी, झाकणाचा डबा, भिंतीला आधाराचा दांडा आणि आतून कडी. खुर्ची वळायला साधारण पाच फूट मोकळी जागा. वर्ग खाली आणला. व्हरांड्यासाठी उतार केला तो मात्र गवंड्याने पहिल्यांदा सहा फुटांत बसवला. त्यावरून खुर्ची चढवायला दोन पोरे लागली आणि उतरताना तिघे घाबरले. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे प्रमाण आहे. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट. उतार पुन्हा केला.

वर्गात एकाच जागी बसून कुल्ल्यांवर जखमा होतात, त्याही तिला कळत नाहीत. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा एका बाजूला कलून मिनिट-दोन मिनिटे भार हलका करायचा आणि रात्री आरशात कातडी बघायची. शिक्षकांना मी एवढेच सांगितले की ती वाकली तर तिचे लक्ष नाही असे समजू नका.

आता कागदांविषयी. दिव्यांगत्वाचा दाखला माझ्यासारखा खासगी डॉक्टर देऊ शकत नाही. त्यासाठी यूडीआयडी कार्डाचा अर्ज करून सरकारी रुग्णालयात, आपल्याकडे सीपीआरला, तपासणी करून घ्यावी लागते. २०१६च्या कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मानली आहेत. ४० टक्के किंवा अधिक असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत आहे. लिहिण्याची अडचण असणाऱ्यांना लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ, असे केंद्राच्या २०१८च्या सूचनांत सांगितले होते. पण ४० टक्क्यांचा आकडा म्हणजे सगळे नव्हे. हात आखडण्याच्या विकारामुळे लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये तेच सांगितले. टक्केवारी भरत नाही म्हणून सोय नाकारता येणार नाही.

खाजगी डॉक्टरने काय लिहावे? माझ्या मते टक्के सोडून दिवस लिहावा. "या विद्यार्थिनीला दर चार तासांनी पंधरा मिनिटे बंद खोली आणि पाणी लागते, परीक्षेतही लागते, आणि तो वेळ तिच्या पेपरातून कापू नये," असे मी लिहिले. प्राचार्यांनी ते पत्र जसेच्या तसे परीक्षा विभागाला पाठवले. फिट येणारा, कमी ऐकू येणारा, हिमोफिलियाचा मुलगा असेल तर त्याचा दिवस वेगळा, त्याला तसे विचारावे.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात अर्धांगवायू झाला, आणि पुढे १९८४ साली त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र मी मुलीला वाचायला दिले. अजून परत आलेले नाही.

मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. त्यानंतर ताप एकदाच आला, तोही यात्रेच्या दिवसांत. परवा कल्चरचा रिपोर्ट घेऊन आली. लघवीत जंतू होते, पण ताप नाही, दुसरी तक्रार नाही, म्हणून औषध दिले नाही. नळी वापरणाऱ्यांत असे जंतू नेहमी सापडतात. जाताना वडिलांनी विचारले, "साहेब, एम.कॉम.ला कुठं घालावं?"

मी म्हटले, "जिथं घालाल तिथं आधी दारं मोजून या."

त्यांनी पिशवीतून टेप काढून दाखवली.