काडीकचऱ्यापासून जळाऊ वायू



आमच्या घरी गॅसची टाकी आहे, पण पाणी तापवायला आणि भाकरीला चूलच लागते. जळण म्हणजे तुराट्या, पळाट्या आणि मक्याच्या बिट्ट्या. पावसाळ्यात जळण ओले असले की घरभर धूर होतो आणि आई खोकत खोकत फुंकणी मारते. तुम्ही पाहिले असेल, फुंकून फुंकून माणूस दमतो आणि मग एकदम भप्प करून जाळ होतो. मी गुरुजींना विचारले, "जाळ एकदम कसा होतो?" गुरुजी म्हणाले, "काय पेटलं ते बघ. लाकूड नाही, धूर पेटला."

आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "धूर पेटतो का कधी? काहीतरीच शिकवतात."

म्हणून गुरुजींनी मैदानात प्रयोग केला. पत्र्याच्या डब्यात वाळलेल्या बिट्ट्यांचे तुकडे भरले, झाकण घट्ट लावले आणि झाकणाला खिळ्याने एक भोक पाडले. डबा तीन दगडांवर ठेवून खाली जाळ केला. आधी पांढरा धूर आला. काडी लावली तर पेटेना, कारण ती बरीचशी पाण्याची वाफ होती. थोड्या वेळाने धूर पिवळसर झाला. पुन्हा काडी लावली आणि भोकावर दिव्यासारखी ज्योत उभी राहिली! ज्योत विझल्यावर डबा गार होऊ दिला आणि उघडला. आत बिट्ट्यांचा आकार तसाच होता, पण त्यांचा कोळसा झालेला होता. म्हणजे चुलीतून जो धूर आईच्या डोळ्यांत जातो तो वाया गेलेला गॅसच आहे.

हेच काम मोठ्या भट्टीत करतात, तिला गॅसिफायर म्हणतात. भट्टीत हवा मुद्दाम कमी सोडतात, म्हणजे थोडेच जळण जळते. त्याच्या उष्णतेने उरलेल्याचा धूर व कोळसा होतो. मग तो धूर आणि वाफ लालभडक कोळशातून जाते आणि तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे दोन जळाऊ वायू होतात. 1 किलो वाळलेल्या लाकडापासून सुमारे अडीच घनमीटर वायू मिळतो. पण त्यात जवळजवळ निम्मा नायट्रोजन असतो. तो हवेतून येतो आणि जळत नाही. त्यामुळे या वायूत नैसर्गिक वायूच्या साधारण आठव्या हिश्श्याइतकीच उष्णता असते. तरी इंजिन चालते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा आपल्या देशात कोळशाच्या वायूवर मोटारी चालवल्या होत्या.

एक धोका लक्षात ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो विषारी आहे. थंडीत दार लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपले तर माणूस उठतच नाही.

आपल्या महाराष्ट्रात फलटणला यावर चांगले काम झाले. तिथे बनबिहारी निंबकर यांनी 1968 साली कृषी संशोधन संस्था काढली. तिथल्या अनिल राजवंशी यांनी उसाचे पाचट, बगॅस, बाजरीचे सरमाड अशा हलक्या मालावर चालणारा गॅसिफायर केला. हलका माल भट्टीत अडकून बसतो, खाली सरकत नाही, म्हणून हे काम अवघड असते. 700 तासांहून जास्त चाचणी झाली आणि 1997 साली त्यांनी ती माहिती छापली. मालाच्या वजनाच्या सुमारे 24 टक्के कोळसाही निघाला. (आमच्याकडे सरमाड भट्टीत घातले तर आजी मला घराबाहेर काढील. ते गाईचे आहे. पण बिट्ट्या आणि तुराट्या चालतील.)

गॅसिफायरचे मोठे दुखणे म्हणजे डांबरासारखा चिकट चीक. तो पाइपात बसतो आणि इंजिन बंद पाडतो. यावर एक नवी पद्धत आहे, प्लाझ्माची. घन, द्रव, वायू आपण शिकलो. प्लाझ्मा ही चौथी अवस्था. आकाशातली वीज म्हणजे प्लाझ्मा, आणि वेल्डिंगवाल्याच्या कांडीपाशी डोळे दिपवणारा उजेड दिसतो तोही. भट्टीत विजेने असा झोत तयार करतात. झोताची उष्णता हजारो अंश असते, तिच्यात चिकाचे तुकडे होऊन त्याचाही वायू होतो. उष्णता विजेची असल्यामुळे हवा कमी लागते, म्हणून नायट्रोजन कमी येतो आणि वायू जास्त कसदार होतो. राखसुद्धा वितळते आणि गार झाल्यावर काचेसारखी होते. गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तिथे दवाखान्यातल्या कचऱ्यासाठी अशी भट्टी तयार केली. पुणे जिल्ह्यात रांजणगावलाही कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी अशी भट्टी उभारली होती.

मग येवल्याला प्लाझ्मा आणायचा का? मला तरी वाटते, आत्ता नको. त्याला वीज फार लागते, आणि आमच्या विहिरीवरची मोटारच विजेची वाट बघत बसते. विषारी कचरा असेल तर तेवढी वीज घालणे ठीक आहे. बिट्ट्या काही विषारी नाहीत. त्यांना फलटणसारखी साधी भट्टी पुरेल. साध्या गॅसिफायरमध्ये सुमारे दीड किलो वाळलेल्या जळणात 1 युनिट वीज होते. मका सोंगून झाल्यावर आमच्या खळ्यावर बिट्ट्यांचा ढीग आईच्या डोक्याएवढा उंच होतो. किती युनिट होतील, हे गणित आम्ही या वर्षी ढीग मोजून करणार आहोत.

आजीने अजून ज्योत पाहिलेली नाही. प्रयोगाचा डबा वर्गाच्या कोपऱ्यात ठेवला आहे. ज्या पालकांना बघायचे असेल त्यांनी शनिवारी सकाळी यावे. गुरुजी प्रयोग मैदानातच दाखवतील, वर्गात नाही. येताना चार वाळलेल्या बिट्ट्या आणाव्यात, आमच्याजवळच्या संपल्या.