कोळशावरचा कर आणि जालन्यातलं काम

प्रश्न : परदेशात साधी माणसं खासदारांना भेटून ‘कार्बनला किंमत लावा’ अशी मागणी करतात, असं वाचलं. माझा धाकटा भाऊ जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यात भट्टीवर आहे. असा कर आपल्याकडे आला तर त्याच्या पोटावर पाय येईल का? आणि त्या पैशातून आमच्या तालुक्यातल्या पोरांना काम मिळावं, हे मागायचं कुठं?
— एक वाचक, परतूर

उत्तर : असा कर आपल्याकडे येऊन गेला आहे. 2010 मध्ये केंद्र सरकारने कोळशावर टनामागे 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसवला आणि 2016 पर्यंत तो 400 रुपयांवर नेला. त्या वर्षांत जालन्याच्या भट्ट्या चालूच होत्या.

हिशेब करून बघा. तुमच्या भावाच्या भट्टीत भंगार आणि स्पंज आयर्न विजेवर वितळतं. टनभर लोखंडाला सहाशे-सातशे युनिट लागतात. एका युनिटला साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे 400 रुपयांच्या दराने युनिटमागे 28 पैसे. सगळी वीज कोळशाची धरली तरी टनामागे दोनशे रुपयांच्या आतबाहेर भार पडतो. सळईचा भाव टनाला पन्नास हजारांच्या आसपास धरला, तर हा अर्धा टक्काही नाही. स्पंज आयर्न बनवताना जळणाऱ्या कोळशाचा भार वेगळा, पण भंगार जास्त वापरणाऱ्या कारखान्याला तो कमीच लागतो. नुसत्या या दराने भट्टी विझत नाही. दर याच्या कितीतरी पट झाला तर मात्र वीज कुठून घ्यायची याचा विचार मालकाला करावाच लागेल, आणि कराचा हेतू तोच असतो.

खरं दुखणं पुढे आहे. 2017 पर्यंत या उपकरातून सुमारे 86 हजार कोटी रुपये जमले. स्वच्छ ऊर्जेसाठी उघडलेल्या निधीत त्यातले तीस हजार कोटीसुद्धा पोचले नाहीत, आणि प्रकल्पांना मिळाले ते सुमारे 16 हजार कोटी. 2017 मध्ये जीएसटी आला, उपकराचं नाव बदललं आणि पैसा राज्यांची महसुली तूट भरून काढायला गेला. 22 सप्टेंबर 2025 पासून तो उपकरही रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. आता वसूल होणाऱ्या रकमेवर स्वच्छ ऊर्जेचा नावापुरताही हक्क उरलेला नाही. याचा मला मनापासून राग येतो, कारण कर लोकांनी भरला होता.

2023 मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापार योजनाही आणली. ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी वायू सोडणाऱ्या कारखान्याला प्रमाणपत्र मिळतं, जास्त सोडणाऱ्याला ते विकत घ्यावं लागतं. लोखंड-पोलाद या योजनेच्या क्षेत्रांत आहे. योजना चांगली आहे, पण तिच्यातला पैसा एका कारखान्याकडून दुसऱ्याकडे जातो. परतूरच्या पोरांसाठी त्यात वाटा नाही.

मग वाटा कसा मागायचा? त्यासाठी परदेशाकडे बघायची गरज नाही. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्याने हाताला काम मागितलं. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात आधीच करून पाहिलेल्या प्रयोगातून राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या खर्चासाठी 1975 च्या कायद्याने व्यवसाय कर लागला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून तो निघायचा आणि जितका जमेल तितकीच भर सरकारने घालायची. पुढे रोजगार हमीचाच कायदा झाला, तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, नाहीतर भत्ता द्यायचा. पुढच्या काळात हा निधीही शिल्लक पडू लागला, हे खरं. पण कराचं नाव, कामाचं नाव आणि मागणाऱ्याचा हक्क ही तीनही एकाच व्यवस्थेत बांधली गेली होती. कोळशावरच्या करात ही बांधणीच नव्हती. खासदारांकडे मागणी न्याल तेव्हा नुसतं ‘कर लावा’ म्हणू नका. कराचा ठरलेला हिस्सा कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या औद्योगिक जिल्ह्यांतल्या कामासाठी कायद्यानेच राखून ठेवा, असं म्हणा.

कामाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सौर प्रकल्प उभा राहताना भरपूर हात लागतात, नंतर राखण, गवत काढणं आणि पॅनेल धुणं एवढंच उरतं. टिकाऊ काम दुरुस्तीत आहे. आपल्याकडे शेतोशेती सौर पंप लागले आहेत. पंपाचा कंट्रोलर ऐन रब्बीत बंद पडला तर माणूस कुठून येतो आणि किती दिवसांनी, हे तुम्ही शेतकऱ्यांना विचारून बघा. आयटीआय झालेली पोरं इथे तालुक्यातच हवीत. आणि हे नुसतं पोटापाण्यापुरतं नाही. 2013 च्या फेब्रुवारीत परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, त्याच दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. पाण्याला तरसणाऱ्या मुलखात वाफेवरची वीज किती काळ परवडणार?

आता मागायचं कुठं ते. गावात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रकल्प येत असेल तर ग्रामसभेत बोला. या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल पाच लाख मिळतात. देखभालीच्या कामावर गावातली माणसं घ्या, असा ठराव काम सुरू होण्याआधीच करा.

दुसरी जागा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. वीज कायदा 2003 च्या कलम 64 नुसार दरवाढीचा प्रस्ताव लोकांसमोर मांडावा लागतो, आणि त्यावर आलेल्या हरकती विचारात घेऊनच आयोगाला आदेश द्यावा लागतो. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्था वर्षानुवर्षं हे काम नेटाने करत आल्या आहेत, पण हरकत घ्यायला संस्था लागत नाही, वीजग्राहक असणं पुरतं. मराठी दैनिकांत जाहीर सूचना येते, पत्ता आणि मुदत तिच्यातच असते. हरकत मराठीतून लिहा. सळईच्या कारखान्यांना दिवसाची सौर वीज कोणत्या दराने मिळते, आणि परतूर तालुक्यात सौर पंपाच्या दुरुस्तीला किती माणसं नेमली आहेत, हे दोन प्रश्न तिच्यात असू द्या. सुनावणीला भावालाही घेऊन जा, भट्टीची बाजू त्याच्याइतकी नीट दुसरं कोणी मांडणार नाही.